वस्तऱ्यांसाठी घरातल्या डब्यातून स्टँड करता येईल का?

कातळवाट (रत्नागिरी):

आजोबांचे पाच वस्तरे गेल्या वर्षी माझ्याकडे आले. पात्यांच्या मुळाशी कोरलेल्या अक्षरांवरून दोन जर्मनीतल्या झोलिंगेनचे आणि दोन इंग्लंडातल्या शेफिल्डचे आहेत एवढे कळते. पाचव्यावरचा छाप झिजून गेला आहे. धार लावून घेतल्यापासून मी रोजची दाढी आलटून पालटून त्यांनीच करतो. सध्या ते मिटलेल्या स्थितीत, स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या चमच्यांच्या स्टीलच्या स्टँडमध्ये, न्हाणीघरातल्या फळीवर उभे असतात. जुलैमध्ये दोन वस्तऱ्यांवर, पाते आणि मूठ जोडणाऱ्या खिळीच्या अगदी जवळ, तांबूस ठिपके दिसले. विकतचा स्टँड घेण्याची इच्छा नाही, कारण तो बहुधा एकाच वस्तऱ्यासाठी असतो. घरात आइस्क्रीमचा चौकोनी डबा, लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणि रबरी कडी असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आहे. यांतून काही करता येईल का? आजोबा पात्याला खोबरेल तेल लावत असत. ते मी चालू ठेवले आहे.

धोकटीवाला:

आपल्या स्टँडचा दोष त्याच्या आकारात आहे. मिटलेला वस्तरा खीळ खाली करून उभा ठेवला, की पात्यावर उरलेले पाणी ओघळून मुठीच्या दोन फाळींमध्ये, खिळीपाशी साठते, आणि तिथे ना फडके पोहोचते ना वारा. ठिपके नेमके तिथेच पडले यात नवल नाही. म्हणून वस्तरे आडवे ठेवावेत, मुठीची बाजू खाली आणि पात्याची पाठ वर. मिटलेल्या वस्तऱ्याची धार मुठीच्या आत असते, त्यामुळे ती कशालाही टेकत नाही.

आइस्क्रीमच्या डब्याची आतली लांबी आधी मोजा. मिटलेला वस्तरा साधारण १५ ते १६ सेंटीमीटर भरतो, त्यामुळे डबा १८ सेंटीमीटरपेक्षा आखूड असेल तर तो नाद सोडा. टीव्हीच्या खोक्यातून येणाऱ्या जाड पांढऱ्या फोमच्या दोन पट्ट्या कापून त्यांत दर अडीच सेंटीमीटरवर सुमारे १२ मिलिमीटर रुंदीच्या खाचा पाडा, आणि एक पट्टी वस्तऱ्याच्या खिळीच्या बाजूला, दुसरी मुठीच्या दुसऱ्या टोकाला येईल अशा बेताने त्या डब्याच्या तळाला चिकटवा. पाच वस्तऱ्यांना साडेबारा सेंटीमीटर रुंदी पुरते. जुन्या काळी सात वारांचे सात वस्तरे असलेली पेटी मिळत असे. तिचीही रचना मूलतः हीच, फक्त फोमच्या जागी मखमल.

चामड्याच्या पिशवीत मात्र ठेवू नका. आमच्या घरच्या धोकटीत वस्तरे वर्षानुवर्षे टिकले, पण ते दिवसभर वापरात असायचे आणि दर गिऱ्हाइकामागे पुसले जायचे. पडून राहिलेल्या वस्तऱ्याला चामड्यातला ओलावा खातो.

रसायनी:

वरील रचना मान्य आहे, परंतु डबा निवडण्याआधी पाचही मुठी कशाच्या आहेत ते तपासा. पिवळसर, हस्तिदंतासारखी दिसणारी किंवा कासवाच्या पाठीसारखी ठिपकेदार मूठ पुष्कळदा सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, असते, आणि ती बोटाने जोरात घासली तर कापराचा वास येतो. जुने सेल्युलॉइड कुजू लागले, की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, हवेतल्या बाष्पाशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते, आणि बंद डब्यात ते केवळ त्याच वस्तऱ्याचे नव्हे तर शेजारच्या चारांचेही पाते खाते. अशी मूठ असलेला वस्तरा वेगळा आणि उघड्यावर ठेवावा. ती मूठ चटकन पेट घेते, म्हणून गॅसजवळ तर मुळीच नको.

लोणच्याची बरणी बाद समजा. मीठ आणि आंबट वाफ झाकणाच्या अस्तरात मुरलेली असते आणि ती धुऊन जात नाही. खोबरेल तेलाबद्दल आजोबांची क्षमा मागून सांगतो, ते खवट होते आणि थंडीत थिजते. शिलाई मशीनचे पातळ तेल एक थेंब पुरे. दाढीपूर्वी तेवढे पुसून घ्यावे.

सदाशिवपेठी:

एवढा खटाटोप रत्नागिरीत लागत असेल. मी पुण्यात गेली आठ वर्षे चहाच्या कपांच्या लाकडी मांडणीवर वस्तरे उघडे ठेवतो आणि एकालाही गंज नाही. बंद डबा म्हणजे ओलाव्याला दिलेली भाड्याची खोली.

रसायनी:

पुण्याच्या मार्च महिन्यात आपले म्हणणे खरे आहे. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० ते ९० टक्के असते, आणि साधारण ६० टक्क्यांच्या वर गेल्यावर साध्या कार्बन पोलादाला गंज झपाट्याने चढतो. अशा हवेत उघडा स्टँड निरुपयोगी ठरतो. अर्धवट बंद डबा मात्र सर्वांत वाईट, कारण त्यात दमट हवा शिरते आणि वारा खेळत नाही. त्यामुळे ऑक्टोबर ते मे उघडे आणि पावसाळ्यात पूर्ण बंद, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह, असे दोन ऋतू पाळावेत. आइस्क्रीमच्या डब्याचे झाकण हवाबंद नसते. त्यात जेल दोन दिवसांत दमेल.

कातळवाट:

सर्वांचे आभार. पट्ट्या रबरी कडीच्या डब्यात बसवल्या, त्यामुळे एकाच डब्यात दोन्ही ऋतू निभावतील. झाकण काढले की स्टँड, लावले की पेटी. डबा न्हाणीघरातून झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात हलवला. छाप झिजलेल्या वस्तऱ्याच्या मुठीला खरोखरच कापराचा वास आला आणि आतली बाजू हिरवट दिसली, म्हणून तो वेगळ्या बशीत ठेवला आहे. एक अडचण उरली: फोमच्या खाचांत शेफिल्डचे जाड वस्तरे घट्ट बसतात आणि उचलताना पाते किंचित उघडते.

धोकटीवाला:

त्या दोन खाचा १५ मिलिमीटरच्या करा आणि वस्तरा उचलताना खिळीच्या बाजूने धरू नका. मूठ आणि पात्याची पाठ एकाच चिमटीत, मधोमध धरा. फोम कापायला मात्र त्यांतलाच वस्तरा वापरू नये.