मामाला तेरचं म्युझियम मोबाईलवर 'ऐकवायचंय', कसं करू?

तेरचा_भाचा: माझे मामा शिंपी होते, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. लहानपणी पाऊस पडून गेला की तेरच्या (आमचं धाराशिव जिल्ह्यातलं लई जुनं गाव) शेतात जुने मणी वेचायचे म्हणं, आता म्हणतेत लामतुरे म्युझियममदलं सगळं मोबाईलवर दाखव. मला नेटवर जे फोटो घावले त्यावर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी मोबाईलमधली सोय) लावलं तर नुस्तं 'इमेज, इमेज' बोलायलंय. कुणी सांगा की ओ काय करावं

लातूरची_ताई: टॉकबॅकची चूक नाही. फोटोमागं ऑल्ट टेक्स्ट म्हणजे वर्णन लिहिलेलंच नसतं, मग ते वाचणार काय? सी-डॅक पुणे या सरकारी संगणक संस्थेच्या 'जतन' या म्युझियममधल्या वस्तूंची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरवर 'म्युझियम्स ऑफ इंडिया' पोर्टल आहे, त्यात दिल्लीचं नॅशनल म्युझियम, हैदराबादचं सालारजंग वगैरे. वस्तू कशाची, माप किती हे तरी अक्षरात असतं, पण इंग्लिशमध्ये, मामांना काय उपयोग.

पांढरी_काठी_नांदेड: मी स्वतः पूर्ण अंध आहे म्हणून सांगतो, वर्णन करताना 'अतिशय सुंदर' असलं काही बोलू नका, त्यातून आम्हाला काहीच कळत नाही. वीतभर आहे का बोटाएवढी, कुठं फुटलीय, हातात काय धरलंय ते सांगा. दिल्लीला नॅशनल म्युझियममध्ये २०१५ ला 'अनुभव' दालन झालं, तिथं प्रतिकृती हातानं चाचपता येतात, तसं आपल्याकडं कधी व्हायचं? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कला आम्हाला पोचली पाहिजे असं कलम २९ मधे लिहिलंय, लिहून ठेवलंय फक्त.

जालनेकर: ॲप काढा म्हणू नका कुणी, गावात रेंज नसते, व्हॉट्सॲपवर छोटा ऑडिओ पाठवला तर रेंज आली की उतरून तरी घेता येतो. आणि मामांना हस्तिदंती बाईची गोष्ट नक्की सांगा, इटलीत पॉम्पेई इसवी सन ७९ ला राखेखाली गेलं, तिथं जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली तसल्याच तेरला आणि आमच्या भोकरदनलापण सापडल्यात!! (भोकरदनचं नाव कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं)

तेरचा_भाचा: ताई, दादा, लई आभार. रविवारी जाऊन आलो, एकेका वस्तूपुढं उभा राहून मोबाईलमधी बोललो, लोक बघत होते बघू दे. मण्यांचा ऑडिओ मामांनी तीनदा ऐकला अन् मग विचारलं, भोक केवढंय, सुईचा दोरा जाईल का दाभणाचा? ते बघायचंच राहिलं, आता पुढल्या रविवारी परत जायलोय.