एका फ्लॅटला मॅनेजर? चिडून लिहितोय, लांबलंय

पौडरोडकर

परवा 'शांतझोप' यांनी लिहिलं की नव्या घरमालकानं स्वतः भाडेकरू सांभाळणं म्हणजे विकतचं दुखणं. पहिल्या दिवसापासून मॅनेजमेंट कंपनीकडे द्या, भाड्याचे आठ टक्के गेले तर गेले, झोप शांत. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग.

साहेब, ती झोप मी दोन वर्षं घेतली आहे. वारज्यात टू बीएचके, भाडं २२,०००, मी बदलीवर नाशिकला. दरमहा १,७६० कापून पैसे यायचे आणि अधूनमधून बिल. 'प्लंबिंग वर्क १,८५०'. बस, एवढीच ओळ. चार महिन्यांत अशी तीन बिलं आली तेव्हा एका शनिवारी गाडी काढून गेलो. फ्लश टँकच्या पाइपातून धाग्याएवढी धार चालू होती. पाणी मुरून बाथरूमच्या दाराची चौकट खाली बिस्किटासारखी फुगलेली, नख लावलं की भुगा. खालच्या हार्डवेअरवाल्याकडे बसणाऱ्या प्लंबरला वर आणलं तर तो म्हणाला, "इथं चौथ्यांदा येतोय. दर वेळी टेफलॉन गुंडाळतो. पाइप बदला म्हटलं तर तुमचे साहेब म्हणतात, पुढच्या वेळी बघू." त्याला दर वेळी किती मिळाले? अडीचशे.

तेवढ्यावर भागलं असतं तर गप्प बसलो असतो. करार मागितला तर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का! नोंदणीच नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची, कंपनीची नव्हे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. आणि हे सगळं कशासाठी वाचवलं? ११ महिन्यांचं भाडं अधिक ६०,००० डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्याच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्यूटी. सातशेच्या आत. नोंदणी फी हजार. हल्ली घरी येऊन अंगठे घेऊन जातात.

नवीन मालकानं निदान पहिला भाडेकरू स्वतः सांभाळावा. नाहीतर आपल्या घराचा मेन कॉक कुठं आहे हेही कळत नाही.

शांतझोप

तुम्हाला चोर भेटला म्हणून सगळे चोर? मग डॉक्टरकडेही जाऊ नका, घरीच काढा करा.

माझे पिंपळे सौदागरला दोन आणि हिंजवडीजवळ एक असे फ्लॅट. मी बंगळूरला. आधी मीही 'स्वतः'च सांभाळत होतो, म्हणजे माझे वडील सांभाळत होते. डिसेंबरात रात्री साडेअकराला भाडेकरूचा फोन: गीझरमधून ठिणग्या. मी फोनवर "एमसीबी पाडा" म्हणतोय, त्याला एमसीबी कुठला ते कळेना. बाबा ७१ वर्षांचे, स्वेटरवर मफलर गुंडाळून स्कूटरवर निघाले. मोबाइल घरी विसरले. आई एक वाजेपर्यंत मला दर पाच मिनिटांनी फोन. दुसऱ्या दिवशी मी कंपनीशी करार केला. आठ टक्के मी कंपनीला देत नाही, त्या दीड तासाला देतो. तुमचा चौकटीचा भुगा तुमच्याकडे ठेवा.

आकडेमोड

दोघांनाही एक गोष्ट. घरभाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च करा वा करू नका. मॅनेजरची फी त्यातच आली, वेगळी दाखवता येत नाही. त्यामुळे आठ टक्के म्हणजे खिशातले पूर्ण आठ टक्के. पुणे मनपाच्या हद्दीत असाल तर स्वतः राहण्यापोटीची मिळकतकरातली ४० टक्के सवलतही भाड्यानं दिल्यावर जाते. हा हिशोब फ्लॅट घेताना कोणी मांडत नाही, नंतर माझ्याकडे येऊन रडतात.

मीच_भाडेकरू

मालकमंडळी आपापसांत भांडताहेत, छान वाटतंय. मी दोन्ही प्रकार भोगलेत.

कंपनीवाल्या घरात तक्रार केली की तिकीट नंबर मिळतो. नळ गळतोच, पण नंबर असतो. निघताना डिपॉझिटमधून 'डीप क्लीनिंग' ६,५०० आणि रंग १४,०००. भिंतीवर काय होतं? कॅलेंडरचा एक खिळा, तोही आधीच्या भाडेकरूचा.

स्वतः सांभाळणारे काका प्रेमळ. इतके प्रेमळ की दर रविवारी 'सहज' यायचे. चहा घ्यायचे, गॅलरीत कपडे किती वाळताहेत ते मोजायचे. एकदा विचारलं, "फ्रीज नवीन घेतला वाटतं? पगार वाढला का?" पुढच्या करारात भाडं दीड हजारानं वाढलं.

तरी निवडायचं झालं तर काकाच. त्यांना निदान ओरडता येतं.

बी_विंग_सचिव

सगळे मालक आणि भाडेकरू बोलले. सोसायटीचं कोण बोलणार? स्वतः सांभाळा नाहीतर मॅनेजर ठेवा, आमच्याकडे भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म कोणीच देत नाही. पोलीस पडताळणीची प्रत सहा-सहा महिने येत नाही. चौकीवरून विचारणा झाली की मला बोलावतात. मॅनेजर म्हणतो मालकाला विचारा, मालक म्हणतो मॅनेजरला. आणि बॅचलर ठेवायचे! एका फ्लॅटमध्ये पाच पोरं, सात दुचाक्या. त्यामुळे आम्ही ठरावच केला: बॅचलर असतील तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्यानं देतो म्हणून सोसायटी घेते ते) महिना १,५००.

पौडरोडकर

सचिवसाहेब, तुमच्यासारख्यांमुळेच लोक मॅनेजर ठेवतात! १,५०० कुठल्या हिशोबानं? शासनाचा २००१ चा आदेश आहे, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवाशुल्काच्या, पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, रिपेअर फंड धरायचेच नाहीत. माझ्याकडे मेंटेनन्स ३,२००, त्यात सेवाशुल्क १,४००. म्हणजे १४० रुपये. आणि बॅचलरला वेगळा दर हे कुठं लिहिलंय?

बी_विंग_सचिव

सर्वसाधारण सभेत ठराव बहुमतानं झाला आहे. तुम्ही सभेला येता का कधी? लिफ्टचं बटण दर महिन्याला तुटतं, ते काय माझ्या नातवानं तोडलं? तुम्ही नाशकात बसून आदेश वाचायचे आणि आम्ही रात्री दोनला खाली जाऊन पोरांची गिटार बंद करायची.

मीच_भाडेकरू

मी ३१ वर्षांची आहे. ससूनजवळ नोकरी, आठवड्यात तीन नाइट. घर बघायला गेले तर कमिटीनं वडिलांचं संमतिपत्र मागितलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. मग म्हणे भावाचं आणा. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्याची फी मी भरते. गिटार मला येत नाही.

बी_विंग_सचिव

ताई, तुमच्याबद्दल नाही बोललो. पण अनुभव असे येतात.

मीच_भाडेकरू

काका, सगळे असंच म्हणतात. 'तुमच्याबद्दल नाही.' मग घर कोणाला देत नाहीत तुम्ही?

कोर्टाची_पायरी

ठरावाबद्दल: सभेत एकमतानंही शासनाचा आदेश मोडता येत नाही, बहुमताचं काय घेऊन बसलात. रजिस्ट्रारकडे तक्रार गेली तर जास्तीचं शुल्क परत करावं लागेल.

आता मूळ विषय, आठवत असेल तर. '११ महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला' हे रोज ऐकते. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स किती का महिन्यांचा असेना, नोंदवायचाच. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि सोडेपर्यंत दुप्पट भाडं मागता येतं. तिथं नोंदलेला करार हाच पुरावा. नोटरीचा कागद घेऊन आलात तर मी चहा पाजेन, त्यापुढे लांबची लढाई.

अटलांटाची_आत्या

तुम्ही सगळे नाशिक-बंगळूरच्या गोष्टी करता. मी इथून काय मेन कॉक बघू? नोंदणीला कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावंच लागतं. मालक अनिवासी असला की भाडेकरूनं भाड्यातून तीस टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापायचा असतो. हे सांगितलं की निम्मे भाडेकरू पळतात.

कंपनी नको म्हणून सख्ख्या भावाला सांगितलं. फुकट. त्यानं मेव्हण्याच्या मित्राला ठेवलं, भाडं बाजाराच्या पाच हजार खाली. हिशोब विचारला तर, "अविश्वास दाखवतेस?" दोन दिवाळ्या भाऊबीजेला फोन नाही. आठ टक्के स्वस्त पडले असते हो.

पौडरोडकर

आत्या, तुमचं मान्य. साता समुद्रापार असाल तर ठेवा मॅनेजर. शांतझोप, तुमच्या वडिलांचंही, नाइलाजानं, मान्य. आईनं एक वाजेपर्यंत जागावं असं मलाही वाटत नाही. पण मग त्या रात्रीसाठी एक इलेक्ट्रिशियन ठरवा, अख्खं घर कशाला हवाली करता? आणि करार स्वतः वाचा. तिन्ही.

शांतझोप

उपदेश नको होता. तरी काल नोंदणीच्या पोर्टलवर तिन्ही करारांचे इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचे उतारे) शोधले, चुकून.

दोन सापडले. हिंजवडीचा नाही. कंपनीला मेल टाकला, तिकीट नंबर आलाय. तुमच्या त्या अडीचशेवाल्या प्लंबरचा नंबर खासगी निरोपात पाठवा. पिंपळे सौदागरला येतो का तो? फक्त विचारतोय. आठ टक्क्यांबद्दलचं मत कायम आहे.

बी_विंग_सचिव

तो २००१ चा आदेश कोणाकडे असेल तर इथे टाका. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. मी काहीही मान्य केलेलं नाही, खजिनदारांना दाखवायचा आहे. आणि ४०४ वाल्यांनी फॉर्म आणून द्यावा.