मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धात कैद झालेले थोरले आजोबा, एक कार्ड आणि 'कायी पाचवी'

वऱ्हाडी_पऱ्हाटी:

नमस्कार मंडळी. वाचत असतो नेहमी, लिहायला आज पहिल्यांदाच बसलो आहे. गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी कापूस-तुरीची शेती.

माझ्या आजोबांचे मोठे भाऊ, आम्ही त्यांना थोरले आजोबा म्हणतो, लग्नानंतर दोन वर्षांनी गिरणीत काम करायला मुंबईला गेले. तिथूनच कोणाच्या तरी नादानं परस्पर मिलिटरीत भरती झाले. घरी कळलं ते मनिऑर्डर आल्यावर. मग लढाईवर गेले, 'पकडले गेले' असा निरोप आला, त्यानंतर एक कार्ड आलं, आणि पुढे काहीच नाही. ना माणूस आला, ना मेल्याची तार.

कार्ड अजून आहे. मोठ्या आजीनं ते कुंकवाच्या पेटीत ठेवलं होतं. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, वरची छपाई कुठल्याशा परक्या भाषेत, इंग्रजी नक्की नाही. 'पी. जी. ६३' असं वाचता येतं. तारखेतला '२-४३' तेवढा शिल्लक. त्यांच्या नंबराचे शेवटचे आकडे वाळवीनं खाल्लेत. मजकूर मराठीत, चारच ओळी, तोही दुसऱ्या कोणाच्या हातचा, कारण थोरले आजोबा अंगठेबहाद्दर. "मी खुशाल आहे. काळजी करू नये. गोऱ्ह्याला एवढ्यात औताला जुंपू नये." चौथी ओळ पुसट झाली आहे.

मोठी आजी १९८९ मध्ये गेली. जाईपर्यंत कपाळाला कुंकू होतं. कोणी काही बोललं की म्हणायची, "त्याईनं कार्ड पाठोलं होतं. मेले असते तं सरकारनं सांगतलं नसतं काय?" आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागरी भरतात, चिचवणी-शेवयांचा नैवेद्य असतो, सगळ्यांना ठाऊक आहेच. थोरल्या आजोबांची घागर तिनं कधी मांडू दिली नाही. ती गेल्यावर बाबा म्हणाले, आता मांडू. त्यांचं म्हणणं, तिथीपण माहीत आहे, कारण आजीच सांगायची, "थे कायी पाचवीत गेले." म्हणजे काळी पंचमी, वद्य पंचमी. काका म्हणाले, कोणत्या महिन्याची वद्य पंचमी? आणि जिवंत माणसाची घागर भरली तर? झालं, त्यावरून दोघांचं जे वाजलं ते आजवर मिटलेलं नाही. घागर तशीच राहिली. आता बाबा ७८ वर्षांचे आहेत.

कार्ड कुठलं आहे, शोध कुठून सुरू करायचा, कोणी सांगेल का? पेन्शनबिन्शन काही नको आहे. (सातबाऱ्यावर त्यांचं नाव अजून आहे आणि एका साहेबांनी शांतपणे मृत्यूचा दाखला आणायला सांगितलंय, तो भाग वेगळा.)

अमरावतीची_लेक:

दादा, वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही एका चुलत पणजोबांची अशीच गोष्ट आहे, पण ते पहिल्या महायुद्धातले, इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडलेले. माहिती काही नाही माझ्याकडे, धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

बेळगावचा_निवृत्त:

भाऊ, तुमच्या बाबांना सांगा, ती पंचमी नव्हे. 'काळी पांचवी' हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीचं नाव आहे. मूळची १०५ नंबरची मराठा पलटण, पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. आजही आम्ही तिला काळी पांचवीच म्हणतो. तुमच्या आजीनं बरोबर सांगितलं होतं: ते काळी पांचवीत गेले, म्हणजे त्या पलटणीत भरती झाले. वऱ्हाडीत ळ चा य झाला आणि ऐकणाऱ्यांनी पलटणीची तिथी केली.

आता पुढचं सरळ आहे. ही पलटण १९४२ च्या जूनमध्ये लिबियात तोब्रुकला होती, ११ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये. २० जूनला जर्मन सेनापती रोमेलनं हल्ला केला तो आग्नेयेच्या बाजूनं, आणि पहिला तडाखा याच पलटणीच्या फळीवर बसला. २१ जूनला तोब्रुक पडलं. सगळे मिळून ३३ हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. त्यात आपली अख्खी पलटण गेली म्हणा ना.

कागदवाचक:

वरच्या काकांनी गाठ सोडवलीच आहे, मी कार्डाबद्दल लिहितो. भाषा इटालियन. 'पी. जी.' म्हणजे युद्धकैदी, पुढचा आकडा छावणीचा. ६३ नंबरची छावणी नेपल्सजवळ आवेर्साला होती आणि तिथे हिंदी कैदीच ठेवत. तारीख फेब्रुवारी १९४३ ची दिसते.

ही तारीख फार मोलाची आहे. तोब्रुकचे कैदी बोटींनी इटलीत नेले आणि त्यातल्या काही बोटी ब्रिटिश पाणबुड्यांनीच बुडवल्या, आत आपलीच माणसं आहेत हे माहीत नसताना. ऑगस्ट १९४२ मध्ये 'निनो बिक्सियो'वर टॉर्पेडो लागला, ऑक्टोबरमध्ये पालेर्मोजवळ 'लोरेतो' बुडाली, तिच्यावर तर मुख्यतः हिंदी कैदीच होते. तुमचे आजोबा फेब्रुवारीत गोऱ्ह्याची चौकशी करत होते, म्हणजे समुद्र पार करून सुखरूप पोचले होते. तो फाटा बंद.

खरा घोळ पुढे आहे. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. काही छावण्यांचे पहारेकरी पळाले, कैदी डोंगरात शिरले, तिकडच्या शेतकऱ्यांनी महिनोन् महिने लपवून जेवू घातलं. बाकीच्यांना जर्मनांनी मालगाडीत कोंबून जर्मनीला नेलं, हिंदी कैद्यांना बहुतेक आनाबुर्गला. तिथून काही हजार फ्रान्समध्ये एपिनालला गेले. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी एपिनालवर बॉम्ब टाकले, त्यात छावणीही सापडली. कितीतरी कैदी मेले, भिंती पडल्या म्हणून कितीतरी पळाले, आणि पाचेकशे जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. तेव्हा आवेर्सानंतर ते कोणत्या छावणीत होते, हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. इटलीतली हिंदी कैद्यांची दुसरी मोठी छावणी ९१ नंबरची, आव्हेझ्झानोची, आब्रुत्सोच्या डोंगरात.

काय करायचं:

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. १९४७ संपेपर्यंतचे मृत्यू तिथे आहेत. आडनाव टाकू नका, तेव्हा पुष्कळदा एकच नाव नोंदवत. वडिलांचं, बायकोचं नाव आणि गाव शेजारी दिलेलं असतं, त्यावरून ओळख पटवा. यवतमाळ आजच्या स्पेलिंगनं मिळणार नाही, इंग्रज वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल लिहीत. 'बेरार' टाकूनही बघा. आणि फक्त थडगी बघू नका. हिंदू सैनिकांना तिकडे अग्नी दिला जाई, त्यांची नावं वेगळ्या दहन-स्मारकांवर कोरली आहेत, इटलीत सांग्रो नदीच्या दफनभूमीत असं एक आहे.

दुसरं, जिनिव्हाच्या रेडक्रॉस समितीचं अभिलेखागार. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं त्यांनी नेटवर ठेवली आहेत (अमरावतीच्या ताई, हे तुमच्यासाठी), दुसऱ्या युद्धाची मात्र अर्ज करून मागावी लागतात. अर्ज वर्षातून ठरावीक दिवसांतच घेतात, तेव्हा नजर ठेवून राहा.

काळ्या_रानातला:

आमच्या गावात तर असे सगळे बेपत्ता लोक नेताजींच्या फौजेत गेले असं सांगतात. किंवा गोरी मेम करून तिकडेच राहिले.

कागदवाचक:

पहिली शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नेताजींनी जर्मनीत उभं केलेलं लष्कर याच कैद्यांतून, विशेषतः आनाबुर्गमधून उभं राहिलं, सुमारे तीन हजारांचं. पण त्यातले जे वाचले त्यांना युद्धानंतर हिंदुस्थानात आणून चौकशी करून सोडून दिलं. हे परत आले नाहीत. मेमेबद्दल मी काही बोलत नाही.

बेळगावचा_निवृत्त:

रेकॉर्ड ऑफिस बेळगावलाच आहे. अर्ज यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, सोबत कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि जेवढे आकडे शिल्लक आहेत तेवढे. अर्धा नंबरही कामाचा असतो, क्रमानं नोंदी असतात. विषयाच्या ओळीतच 'दुसरी बटालियन, तोब्रुक, जून १९४२' असं लिहा.

कोर्टाची_पायरी:

सातबाऱ्याचं सांगतो. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना नाही, तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर येतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८. तुमच्याकडे ऐंशीच्या वर वर्षं झाली. दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा लावा. पण कोर्ट 'मृत समजावे' एवढंच म्हणेल, तारीख देईलच असं नाही. तुमच्या बाबांचा प्रश्न त्यानं सुटणार नाही.

वऱ्हाडी_पऱ्हाटी:

सगळ्यांचे आभार कसे मानू. पलटणीची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे मोठी माय त्याईचा पत्ता सांगत होती अन् आमी पंचांग पायत होतो."

काकांना फोन त्यांनी स्वतःच लावला. कितीतरी दिवसांनी.

वॉर ग्रेव्ह्जवर तीन रात्री घातल्या. त्यांच्या नावाचे मराठा रेजिमेंटचे बरेच जण निघाले, पण वडिलांचं नाव एकाचंही जुळत नाही. म्हणजे शोध बंद नाही. बेळगावचा अर्ज टाईप झाला आहे, सोमवारी यवतमाळला जातोय. बाबा म्हणतात कार्ड लॅमिनेशन करून घे, एकदाचं टिकेल.

कागदवाचक:

लॅमिनेशन अजिबात नको!! उष्णतेनं शाई जाते आणि प्लास्टिक परत निघत नाही. साध्या कागदी पाकिटात, पुस्तकात दाबून ठेवा. आधी खिडकीच्या उजेडात तिरपं धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पुसट पेन्सिल तशीच दिसते.

वऱ्हाडी_पऱ्हाटी:

दुकानातूनच परत आणलं. मशीन गरम झालेलं होतं.

सांगितलं तसं तिरपं धरून पाहिलं. चौथी ओळ अजून नीट लागत नाही, 'घागर' किंवा 'आगर' असा काहीतरी शब्द आहे, बाकी नाही. पण पत्त्याच्या बाजूला ६३ वर पेन्सिलची आडवी रेघ आहे आणि शेजारी दुसरा आकडा. मला ९१ वाटतो, पोराला ९७. फोटो खाली चिकटवतोय, जाणत्यांनी जरा मोठा करून बघा.