विषय: तो लाल पडदा आणि खालचा फोन नंबर

प्रेषक: सुनंदा (एडिसन)
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

काल दुपारी अनारशांच्या पिठाचं प्रमाण शोधत होते. एका पानावर बोट लागलं आणि लॅपटॉपचा सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. एक बाई इंग्रजीत तेच तेच सांगत होती की व्हायरसमुळे तुमचा संगणक लॉक केला आहे, तो बंद करू नका, ताबडतोब मायक्रोसॉफ्टला फोन करा. खिडकी मिटवायची फुलीसुद्धा दिसेना. घरात मी एकटी. नंबर फिरवला.

पलीकडच्या मुलाने इंग्रजीत नाव विचारलं. मी ते सांगितल्याबरोबर तो हिंदीवर आला, "आंटीजी, घबराइये मत." त्या एका वाक्याने माझा जीव भांड्यात पडला. इथे अमेरिकेत इतकी वर्षं काढली, तरी फोनवर आपल्याकडचं कुणी भेटलं की बरं वाटतंच. मग त्याने मला एक चौकट उघडायला लावली, त्यात 'इव्हेंट व्ह्यूअर' आलं. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, खाली खाली जातच होते. हे सगळे हॅकर, म्हणाला. त्याच्या सांगण्यावरून एक अॅप घेतलं, आणि पडद्यावरचा माझ्या माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. दुरुस्तीचे 399 डॉलर म्हणून क्रेडिट कार्डाचा नंबर दिला. मग तो म्हणाला, बँकेचं खातं उघडा, पैसे सुरक्षित आहेत का बघू. तेव्हा मनात पाल चुकचुकली. लॅपटॉप मिटला आणि फोन ठेवला.

त्यानंतर लॅपटॉप उघडलेला नाही. पुढे काय करू?

सुनंदा

प्रेषक: अभिजित (प्लेन्सबरो)

सुनंदाकाकू,

बँकेचं खातं उघडलं नाहीत, ही फार मोठी गोष्ट झाली. आता हे वाचून होताच कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा, कार्ड बंद करून घ्या आणि 399 डॉलरबद्दल तक्रार नोंदवा. गिफ्ट कार्डाचे आकडे वाचून दाखवले असते तर ते पैसे परत मिळणं जवळजवळ अशक्य होतं. क्रेडिट कार्डाचं तसं नसतं. लॅपटॉप उघडण्याआधी घरचं वायफाय बंद करा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड फोनवरून बदला, त्या लॅपटॉपवरून नको. शनिवारी मी येतो. परका माणूस आत येऊन गेलाय, त्यामुळे त्यातले तुमचे फोटो दुसरीकडे कॉपी करून घेऊन विंडोज नव्याने टाकावं असं माझं मत आहे.

बाकीच्यांसाठी सांगतो, कारण वीस वर्षं मी हेच काम करतोय. तो लाल पडदा म्हणजे साधं वेबपान असतं. बहुतेक वेळा एखाद्या जाहिरातीतून तिथे ढकललं जातं. पान सगळा पडदा व्यापतं म्हणून संगणक अडकल्यासारखा वाटतो, आणि भोंगा ही नुसती ध्वनिफीत. तुमच्या डिस्कवर व्हायरस आहे की नाही, हे त्या पानाला कळूच शकत नाही. खरा धोका तो नंबर फिरवल्यावर सुरू होतो.

आणि ते लाल गोळे! इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजची वही आहे. प्रिंटर सापडला नाही, एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, असल्या बारीकसारीक नोंदी तिथे पडत असतात. खोक्यातून काढलेला नवा लॅपटॉप महिनाभर वापरा, त्यातही हे गोळे दिसतील. ती वही कुणी उघडत नाही, म्हणून ती दाखवून घाबरवता येतं.

पडदा अडकला तर एस्केप कळ दाबून धरा. फुली दिसली की पान मिटवा. नाहीच दिसली तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मॅकवर कमांड-ऑप्शन-एस्केप. तेही जमलं नाही तर चालू-बंद करायचं बटण दहा सेकंद दाबून संगणक सरळ बंद करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं परत आणू का" असं विचारेल, तिथे नको म्हणा, नाहीतर तोच पडदा परत येतो.

अभिजित

प्रेषक: विनय (ब्रिजवॉटर)

अभिजित, मग खरी सूचना ओळखायची कशी? क्रोमसुद्धा कधीकधी लाल पान दाखवतं. आणि परवा एका साइटने "मी रोबो नाही" हे पटवण्यासाठी विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही आणि एंटर करा म्हटलं. मी तिथेच थांबलो.

प्रेषक: अभिजित

विनयकाका, थांबलात ते फार बरं केलंत. त्या साइटने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हाताने चालवून घेते. लाल पडद्यापेक्षा हे वाईट, कारण इथे फोनचीही गरज लागत नाही. रोबोची कुठलीही खरी चाचणी ब्राउझरच्या बाहेर जायला सांगत नाही.

क्रोमचं लाल पान तुम्हाला मागे फिरायला सांगतं, कुणाला फोन करायला सांगत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेतही फोन नंबर कधीच नसतो. शंका आली तर त्या सूचनेला हात न लावता स्टार्ट मेनूतून 'विंडोज सिक्युरिटी', म्हणजे विंडोजचं स्वतःचं सुरक्षेचं अॅप, स्वतः उघडा. खरंच काही सापडलं असेल तर तिथे नोंद असते. कोपऱ्यात रोज "तुमचं अँटिव्हायरस संपलं" असं येत असेल, तर बहुधा कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाका.

प्रेषक: मेधा (एडिसन)

काकू, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिते. माझ्या सासऱ्यांकडून दोन वर्षांपूर्वी याच पद्धतीने पैसे गेले, आणि त्यांनी आम्हाला आठ महिने सांगितलं नाही. त्यांना पैशांपेक्षा आम्ही काय म्हणू याचीच धास्ती होती. एफबीआयकडे 2023 या एका वर्षात अशा 37 हजारांवर तक्रारी गेल्या, नुकसान 92 कोटी डॉलरच्या वर. आणि या तर फक्त नोंदवलेल्या.

हिंदीबद्दल तुम्ही म्हणालात ते मला फार लागलं. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं होतं. तिथून अमेरिकेत कर खात्याच्या नावाने फोन जायचे. माझं माहेर तिथून दोन स्टेशनांवर. आपल्या भाषेतला आवाज ऐकला की आपण सैल होतो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. काकू, एफबीआयच्या आयसीथ्री डॉट जीओव्ही या साइटवर तक्रार नक्की करा. मी शेजारी बसून भरून देईन.

प्रेषक: सुनंदा

मेधा, अभिजित, कार्ड बंद झालं. ते 399 अजून चढले नव्हते, बँकेने अडवले. त्याच नंबरवरून आज सकाळपासून चार फोन आले, मी उचलले नाहीत.

शनिवारी अभिजित अकराला येतोय. ज्यांना आपला लॅपटॉप दाखवायचा असेल त्यांनी घेऊन या. मेधा, सासऱ्यांनाही आण. मला त्यांच्याशी बोलायचं आहे.