मदत हवी आहे : चरईतला वाडा सुटा करून दुसरीकडे उभा करायचाय

नमस्कार मंडळी,

ठाण्यात चरईतला एक कौलारू वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय. मालक म्हणतात, "सांगाडा फुकट न्या, फक्त पावसाआधी जागा मोकळी करा." घोडबंदर रोडच्या एका शाळेने मैदानाकडेची जागा देऊ केलीय. खाली वाचनालय, माडीवर अभ्यासिका असा आम्हा आळीकरांचा बेत आहे.

वयावरून वाद नको. कौलांमागे १८६५ छापलंय, तेवढ्यावर अर्धी आळी वाड्याचं वय ठरवून मोकळी झालीय. ते साल मंगळूरचा बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं. शिक्का पुढे कैक वर्षं तोच चालला.

जमेची बाजू अशी की भार भिंतींवर नाही, सागवानी सांगाड्यावर आहे. भिंती नव्याने बांधता येतील. खांब दगडी तळखड्यांवर नुसते टेकलेत, तुळयांचे सांधे कुसू-खाचेचे (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं), वर लाकडी खुंट्या. सांध्यांपाशी जुन्या सुतारांनी छिन्नीने केलेल्या खुणाही आहेत : एक रेघ, दोन रेघा, फुली. जोडणीचा नकाशा लाकडावरच आहे, तो वाचणारा माणूस हवाय. जुन्या लाकडाचा व्यापारी म्हणतो, करवत लावून दोन दिवसांत उतरवतो. मग हाती येईल ते महागडं सरपण!

चेन्नईजवळ मुट्टुकाडूला दक्षिणचित्र नावाचं संग्रहालय आहे, १९९६ पासून खुलं. तिथे दक्षिणेतली जुनी घरं सुटी करून आणून पुन्हा उभी केलीत. तेव्हा आम्ही काही जगावेगळं करत नाही.

वाई-साताऱ्याकडे किंवा कोकणात असं काम केलेले सुतार कुणाच्या ओळखीत आहेत का? रोजाने घेतात की उक्तं? काही खांबांना बुडाशी वाळवी लागलीय. तेवढा भाग कापून नवा सागवान सांधावा की खांबच बदलावा?

कागदपत्रांचंही सांगा. १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली न्यास, अशी दुहेरी नोंदणी करतोय. सुट्या लाकडासाठी साधं दानपत्र पुरेल ना? ट्रकने न्यायला वनखात्याचा पास लागतो का? आणि शाळेशी करार किती वर्षांचा करावा? उद्या विश्वस्त बदलले आणि "उचला तुमचा वाडा" म्हणाले तर पंचाईत.

पालिकेच्या परवानग्या आमच्यातला एक आर्किटेक्ट बघतोय, ते सोडा. फोटो आणि मापं हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. "त्यापेक्षा स्लॅबची अभ्यासिका बांधा" हा सल्ला भरपूर मिळालाय, तो कृपया नको.