आई-बाबांना थेट १६ तासांच्या फ्लाइटनं पाठवू का? आणि बॅगांचं काय?

शाहूपुरीची_लेक

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. ताई न्यू जर्सीला असते, तिचं बाळंतपण डिसेंबरात आहे आणि आई-बाबा पहिल्यांदाच परदेशात चाललेत. दोघंही पासष्टीच्या पुढं, आईला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, बाबांचे गुडघे दुखतात. दाजी म्हणतात मुंबई ते न्यूयॉर्क थेट घ्या, साधारण सोळा तास, एकदा बसवलं की तिकडंच उतरायचं. मला मात्र वाटतंय की इतका वेळ एका जागी बसून त्यांचे हाल होतील, त्यापेक्षा दुबई किंवा दोहाला ब्रेक घेतलेला बरा.

दुसरं टेन्शन सामानाचं. तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा आहेत आणि आईनं आत्तापासूनच डिंकाचे लाडू, खारीक, वाटी खोबरं, कांदा-लसूण चटणी, गुळाची ढेप, बाळाची कुंची-दुपटी सगळं एका खोलीत काढून ठेवलंय. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाची बॅग अशाच लांबच्या फ्लाइटला विमानात चढलीच नव्हती, काही दिवसांनी घरी आली, आणि त्याला कारण सांगितलं वजनाचं, पण विमानात सीटा तर रिकाम्या होत्या म्हणे. असं कसं होतं? आणि उजळाईवाडीवरनं (कोल्हापूरच्या विमानतळावरनं) मुंबईपर्यंत विमानानं पाठवू का गाडीनं?

पाय_मोकळे

ताई, मी थेटच्या बाजूनं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्कर माणसाला खरा त्रास बसण्याचा नसतो, तो रात्री अडीच-तीनला अनोळखी एअरपोर्टवर गेट शोधत पळण्याचा असतो. माझे सासू-सासरे असेच गेले होते, थेट फ्लाइटमध्ये दोघं जेवले, झोपले, उठले, परत झोपले. सोळा तास ऐकायला भयंकर वाटतात पण सिंगापूर ते न्यूयॉर्क साडेअठरा तासांच्या वर जातं आणि लोक जातात.

फक्त तयारी करून पाठवा. दोघांना एक तरी आयलची (मधल्या वाटेच्या कडेची) सीट घ्या, पैसे जास्त पडले तरी घ्या, कारण आतल्या सीटवरची आपली माणसं शेजाऱ्याला उठवायला लाजतात आणि मग बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. विमानातली हवा एकदम कोरडी असते, ओलावा २० टक्क्यांच्या खाली जातो, पाणी नाही पिलं की डोकं धरतं आणि पाय सुजतात. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत चालून यायला सांगा. बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहायचं, कारण फार वेळ पाय लोंबकळून राहिले की पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो, तो साठीच्या पुढं जास्त. घट्ट मोजे मिळतात मेडिकलमध्ये, पण ते आणि इन्सुलिनच्या वेळा दोन्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, वेळ डिसेंबरात साडेदहा तासांनी मागं जातोय त्यामुळं डोस अंदाजानं घ्यायचा नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, बाबा नको म्हणतील, तरी मागा. चालता येतंय हा प्रश्नच नाही, इमिग्रेशनच्या लाइनीत उभं राहायला लागत नाही आणि सोबत माहितगार माणूस मिळतो.

लोडशीटवाला

रिकाम्या सीटा असून बॅग का राहिली ते सांगतो, मी बरीच वर्षं एअरपोर्टवर सामान चढवण्याच्या कामात होतो. विमानाला जागेची मर्यादा वेगळी आणि वजनाची वेगळी. लांबच्या फ्लाइटला सगळ्यात जड काय असतं तर तेल. आणि ते तेल वाहून न्यायला परत तेल जळतं, त्यामुळं अंतर वाढेल तसं माणसं आणि सामान यांच्यासाठी उरणारं वजन कमी होत जातं. वर सिंगापूर-न्यूयॉर्कचा विषय निघालाय ना, त्या ए३५०-९०० यूएलआर (खास लांब पल्ल्याच्या) विमानात सीटाच फक्त १६१ आहेत, इकॉनॉमी ठेवलेलीच नाही.

आता त्यात वारा धरा. भारतातनं युरोपवरून पश्चिमेला जाताना वरचा जोराचा वारा समोरून येतो आणि हिवाळ्यात तो अजून जोर धरतो. वाऱ्याचा हिशोब केवढा मोठा असतो बघा, २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट उलट्या बाजूनं पॅसिफिकवरून न्यायला सुरू केली, अंतर वाढून १५,००० किमीच्या वर गेलं तरी वेळ कमी लागला, कारण वारा पाठीमागनं. आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट व्हिएन्नाला तेल भरायला उतरवाव्या लागल्या.

तर निघायच्या आधी वाऱ्याचा अंदाज बिघडला, किंवा कडक ऊन असलं (गरम हवा विरळ, विमान उचलायला जड जातं), की जादा तेल भरावं लागतं आणि तेवढं वजन दुसरीकडनं काढावं लागतं. आधी कार्गो उतरवतात. तेवढ्यानं नाही भागलं तर बॅगांवर येतं. ऑकलंड-न्यूयॉर्क सेवा २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा परतीच्या पहिल्याच फेरीला न्यूयॉर्कहून निघताना काही प्रवाशांच्या बॅगा अशाच मागं ठेवल्या होत्या, बातम्यांत आलेलं. हे रोज होत नाही. पण बॅग कुणाची राहील ते तुमच्या हातात नसतं, म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांचं सगळं खांद्यावरच्या बॅगेत पाहिजे.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मी उलट सांगेन, ब्रेक घ्या. माझ्या आईला कंबरेचा त्रास, तीन-चार तास दोहाला फिरली, पाठ टेकून पडली, पुढचा प्रवास सोपा गेला. थेटमध्ये ती सुटका नाही. एकाच तिकिटावर असेल तर बॅग पुढं आपोआप जाते, आपण फक्त माणूस न्यायचा.

लोडशीटवाला

दादा, कंबरेचं पटतंय, पण जगभरात बॅगा सगळ्यात जास्त चुकतात त्या याच बदलाबदलीत. पहिलं विमान लेट झालं की माणूस पळत जाऊन दुसरं पकडतो, बॅग पळत नाही. वजनासाठी बॅग राहण्यापेक्षा हे कितीतरी जास्त वेळा होतं. ब्रेक घ्यायचाच तर मध्ये तीन तास तरी ठेवा.

रंकाळ्याची_माहेरवाशीण

सामानाबद्दल मी सांगते कारण माझी बॅग राहिली होती, एअरलाइनचं नाव घेत नाही. पट्टा थांबला, लोक गेले, आणि काउंटरवरची बाई म्हणाली घरी जा, आम्ही फोन करतो. मी गेले नाही. तिथंच पीआयआर (बॅग न मिळाल्याच्या तक्रारीचा फॉर्म) भरून घेतला, त्याचा नंबर घेतला आणि मगच बाहेर पडले. हे आई-बाबांना शंभर वेळा सांगा, कागद हातात आल्याशिवाय हॉल सोडायचा नाही, बोर्डिंग पास आणि बॅगेची चिठ्ठी टाकून द्यायची नाही. मधल्या दिवसात जे कपडे, दात घासायचं सामान घेतलं त्याची बिलं ठेवली होती, ते पैसे मिळाले पण लेखी मागितल्यावरच. नियम असा आहे की उशीर झाला तर बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांत, मोडतोड असेल तर ७ दिवसांत लेखी तक्रार द्यायची, आणि २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरतात. मॉन्ट्रियल कराराप्रमाणं (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या भरपाईचा करार) भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. ती माणशी आहे, बॅगेमागं नाही, आणि सोनं-नाणं त्यात धरून बसू नका, चेक-इनमध्ये घालूच नका.

आता भरायचं कसं. चारही बॅगांत दोघांचं सामान मिसळा, एक राहिली तरी दोघांचे कपडे हाताशी राहतात. वाटी खोबरं काढा आधी, सुकं खोबरं आपल्याकडं चेक-इनमध्ये चालत नाही, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं. किसून भाजून लाडवातनं गेलेलं बरं. चटणी आणि तिखट चेक-इनमध्ये, कारण अमेरिकेच्या फ्लाइटला केबिन बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असली की वेगळी तपासणी होते. माझी आई चटणी बरणीत भरत नाही, जाड पिशवीत भरून हातानं दाबत हवा काढते, मेणबत्तीवर तोंड चिकटवते, परत दुसऱ्या पिशवीत घालते आणि मग जुन्या टॉवेलात गुंडाळते, त्या वासानं एक कपडा आजवर खराब झाला नाही. मटणाचं काहीही नको, अगदी लोणचं पण नको, आणि फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं तर खाण्याचं सामान आहे असं सरळ सांगायचं, लपवलं तर दंड.

इन्सुलिन काहीही झालं तरी आईच्या पर्समध्ये, खाली चेक-इनच्या सामानात गोठून वाया जाऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट. पॉवर बँक पण वरच, १०० वॅट-अवरच्या आतली.

शाहूपुरीची_लेक

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. आईला खोबऱ्याचं सांगितलं, जरा नाराज झाली पण किसायला घेतलं. थेटच करतोय, आयल आणि व्हीलचेअरसकट. बाळाची कुंची आणि एक दुपटं आई स्वतःजवळ ठेवणार. फक्त मुंबईपर्यंतचं कुणी सांगितलं नाही.

पाय_मोकळे

उजळाईवाडीचं तिकीट वेगळं काढलं तर डोमेस्टिकचीच मर्यादा लागते, बहुतेक ठिकाणी १५ किलो, आणि तुमच्या प्रत्येकी ४६ किलोला जादाचे पैसे भरत बसाल. शिवाय ते विमान लेट झालं तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणी घेत नाही. गाडीच करा. कागल-सातारा रस्त्याचं काम चालू आहे, पुढं खंबाटकी घाट आणि पुणे, त्यामुळं आदल्या दिवशी सकाळी निघा, रात्री अंधेरीत कुणाकडं तरी मुक्काम करा. आणि बॅगा घरीच काट्यावर चढवून बघा, २३ च्या जागी २२ च भरा, घरचा काटा आणि त्यांचा काटा कधी जुळत नाही.