अप्पांच्या छातीत परत दुखलं

सुनील (ए-302): काल रात्री दीड वाजता 108 आलेली, सगळे विचारालेत म्हणून इथंच टाकतो. अप्पांच्या छातीत परत दुखायला लागलं. ॲटॅक येऊन हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे जाळी घालून तीनच आठवडे झालेत, आमचे हातपायच गळाले.

कांबळे काका (बी-104): गॅस असणार बघ. परवा रंकाळ्यावर त्यांच्या हातात भजी बघितली मी

सुनील: काका एकच खाल्ली हो 😀 आम्ही पण आधी ओवाच दिला. पण आडवं झालं की, मोठा श्वास घेतला की सुरी खुपसल्यागत कळ, आणि उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसले की कमी. पहिल्या वेळी तसं नव्हतं, छातीवर पोतं ठेवल्यागत दाबत होतं आणि घामानं बनियन भिजलेला.

डॉक्टर वहिनी (सी-201): हृदयावरच्या पिशवीला सूज आली की असंच दुखतं. ॲटॅकनंतर काही आठवड्यांनी येते त्याला ड्रेसलर म्हणतात. पण भावजी, हे घरी बसून ठरवायचं न्हाई, स्टेंट बंद पडला तरी छातीतच दुखतं. गेलात तेच बरं केलंत.

सुनील: तिथं पण हेच म्हणाले वहिनी. जुना ईसीजी फाईलमध्ये होता म्हणून बरं, शेजारी ठेवून बघितला. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते रक्तातलं, दोनदा केलं, तीन तासांच्या अंतरानं, आकडा वाढतोय का बघायला. वाढला न्हाई. मग इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पिशवीत थोडं पाणी दिसलं. ॲस्पिरिनचा डोस वाढवलाय, सुजेवर कोल्चिसिन आणि पोटाची गोळी दिलीय.

शिंदे काकू (ए-301): कोल्चिसिन आमच्या ह्यांना गाऊटच्या सांधेदुखीला देतात ती? आणि मी तर काल आयबुप्रोफेन घेऊन दारात आलेले बाई

डॉक्टर वहिनी: तीच काकू. पण आयबुप्रोफेन ही पेनकिलर ॲटॅकनंतर मनानं अजिबात द्यायची न्हाई, ॲस्पिरिनच्या कामात आडवी येते. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या कुणी मनानं बंद करू नका, दात घासताना जरा रक्त दिसलं की लोक सोडून देतात आणि स्टेंटमध्ये गुठळी होते.

सुनील: अप्पा आता बसून चहा मागालेत, दोन दिवस ठेवणार आहेत. फक्त एक, रात्री स्ट्रेचर आणताना लिफ्टसमोर कुणाची तरी मोपेड आडवी होती, उचलून बाजूला ठेवावी लागली.

कांबळे काका: माझीच ती. काढली आत्ता.